पंगत

‘पंगत’ हा संस्कृत ‘पंक्ती’चा घरगुती अवतार. पंक्तीच्या मुळाशी ‘पंच’ आहे. वैदिक पंक्ती छंदात आठ-आठ अक्षरांचे पाच चरण असतात. पुढे पाचाचा हिशेब सुटला, नुसती रांग उरली. आमच्या माजघरात तरी पाचांवर कोण थांबतंय! चुलत-मावस भावंडं, त्यांत शेजारचे दोन मित्र आणि भाताच्या मुदीवर तुपाची धार धरणारी आजी. मित्रांच्या पानात ती धार जरा लांबायची. असं डावं-उजवं करण्याला मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात, आणि तो दोषच. आम्ही कुरकुरलो की आजी म्हणे, “पाहुण्याचं पान आहे रे ते!” शिखांच्या लंगरातही शब्द ‘पंगत’च, तिथे मात्र असला लाड चालत नाही.