एकोणचाळीस मिनिटं

इमारत बांधण्याआधीच तिला वर्षभरात वीज किती लागेल, एसी केवढा लागेल, याचा हिशोब हल्ली संगणकावर मांडतात. त्यासाठी त्या गावच्या हवामानाची फाइल लागते. वर्षाचे तास ८७६०, तेवढ्याच ओळी. प्रत्येक ओळीत तापमान, दमटपणा, वारा, ऊन. दिसायला साधा तक्ता. पण त्यातला 'तास' कोणाच्या घड्याळाचा? या प्रश्नावरून मुंबई चार दशकांहून जास्त काळ भांडली आहे, मंडळी!

पूर्वी प्रत्येक गावाचा स्वतःचा वेळ असे. मुंबईचा वेळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे. रेल्वे मात्र मद्रासच्या वेळेवर चाले, म्हणजे मुंबईच्या अर्धा तास पुढे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी (होय, पुण्याच्या कॉलेजवाले तेच!) मद्रासची वेळ मुंबईवर लादून पाहिली. लोकांनी ती मानली नाही आणि १८८३ मध्ये हुकूम मागे घ्यावा लागला.

मग १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ आली, साडेपाच तासांची. मुंबईची घड्याळं ३९ मिनिटं पुढे सरकवायची होती. गिरणी कामगारांच्या दृष्टीने भोंगा ३९ मिनिटं आधी वाजणार, म्हणजे आणखी अंधारात उठायचं. ते रस्त्यावर उतरले. महापालिकेने आपली जुनी वेळ धरून ठेवली, ती थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षं. एकाच शहरात दोन वेळा! त्यात महायुद्धात, १९४२ ते १९४५, प्रमाणवेळच एक तास पुढे केलेली. त्या काळातली तासवार नोंद वाचताना आधी घड्याळ कुठलं ते विचारायला हवं.

भांडण मिटलं, पण सूर्याला कोणी कळवलं नाही. मुंबईत तो आजही सरासरीने १२ वाजून ३९ मिनिटांनीच माध्यान्हीला येतो.

हवामानाच्या फाइलींनाही हाच इतिहास आहे. अमेरिकेत १९७० च्या दशकात 'टीएमवाय' फाइली निघाल्या, त्यांत उन्हाच्या नोंदी सूर्याच्या वेळेप्रमाणे होत्या. १९९५ च्या 'टीएमवाय-२' मध्ये त्या स्थानिक प्रमाणवेळेवर आल्या. या दोन्ही फाइली एकीच्या जागी दुसरी वापरू नका, असं माहितीपुस्तिकेतच बजावलं होतं.

आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'ईपीडब्ल्यू' फाइलीत तास १ ते २४ असतात. तेरावा तास म्हणजे १२ ते १. त्या ओळीतलं ऊन हे त्या अख्ख्या तासाचं असतं, म्हणून सूर्याची जागा १२:३० ची धरायची. १ ची धरली तर तो साडेसात अंश पुढे जातो. वरच्या मथळ्यात आपला ५.५ हा आकडा असतो. तिथे कोणी ५ लिहिलं, तर प्रोग्रामचा सूर्य खऱ्यापेक्षा अर्धा तास पुढे धावतो. दुपारनंतर तो जास्त खाली दिसतो, पश्चिमेच्या काचांवर नसलेलं ऊन येतं, पूर्वेचं कमी होतं. त्यावरून छज्जे आणि एसी ठरले, की पुढची कित्येक वर्षं त्या खोल्यांत बसणारे ते भोगतात. कागदावर मात्र सगळं बरोबर!

२६ जुलै २००५ आपल्यापैकी कोण विसरेल? सांताक्रूझचे ते ९४४ मिलिमीटर हवामान खात्याच्या हिशोबात २७ तारखेच्या सकाळी साडेआठला संपणाऱ्या २४ तासांचे आहेत. आपली आठवण २६ ची, वहीतली तारीख २७ ची. खोटं दोन्हीही नाही. फक्त दिवस कुठून कुठे मोजला, ते सोबत लिहिलेलं हवं.

असो. घरातल्या कुणा वडीलधाऱ्यांकडून 'मुंबई टाइम'च्या गोष्टी ऐकल्या असतील तर जरूर कळवा. ऐकायला आवडतील.