दाब, प्रवाह आणि रोध

गेल्या नरकचतुर्दशीची पहाट. मेहकरच्या आमच्या आळीत अभ्यंगस्नाने आटोपून मुले ओल्याच पायांनी अंगणात धावली होती. शेजारचा एक विद्यार्थी दिव्यांच्या माळेची सोललेली तार नीट करायला वाकला. मी ओरडलो आणि धावत जाऊन बटण बंद केले.

"अरे, विद्युत् दाबाची व्याख्या परवा तूच ना बिनचूक लिहिलीस?"

"हो गुरुजी. पण ती पेपरात!"

त्या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मीच दिले होते. मला ओशाळल्यासारखे झाले. मीही कॉलेजची पायरी चढलेलो नाही. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. तेव्हा फराळाच्या ताटांभोवती मुलांना बसवून व्याख्येऐवजी हकीकतच सांगितली.

इटलीतल्या व्होल्टाने १८०० साली धातूंच्या चकत्या आणि खारट पाण्यात भिजवलेले पुठ्ठे एकावर एक रचून सतत वीज देणारा पहिला घट केला. दाबाचे माप 'व्होल्ट' हे त्याचेच नाव. प्रवाहाचे माप फ्रान्सच्या अँपिअरचे. वीज वाहणाऱ्या दोन तारा एकमेकींना ओढतात वा लोटतात, हे त्याने १८२० साली दाखवले. आणि रोधाचे माप ज्याच्या नावाचे, तो जर्मनीतला ओहम चक्क शाळामास्तर! त्याने १८२७ साली मांडले, की दाबाला रोधाने भागले की प्रवाह मिळतो. स्वदेशी त्याची उपेक्षाच झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८४१ साली पदक दिले, तेव्हा कुठे मान मिळाला.

पण दाब म्हणजे काय? त्यासाठी खोपोलीला चला. लोणावळ्याकडच्या तलावांचे पाणी नळांतून दीड हजार फुटांहून अधिक खाली उतरवून टाटांनी १९१५ साली मुंबईला वीज पुरवली. पाण्याला जोर येतो तो दोन टोकांच्या उंचीतल्या फरकामुळे. विजेचा दाब तसाच. नळातून वाहते पाणी हा प्रवाह, नळाचा अरुंदपणा हा रोध.

"मग तारेवरचा कावळा कसा मरत नाही?" एकीने विचारले.

"त्याचे दोन्ही पाय एकाच उंचीवर, म्हणजे एकाच दाबावर. फरक नाही, तर प्रवाह कुठला? तुझा हात मात्र तारेवर आणि पाय जमिनीवर."

मग हिशेब मांडला. घरातला दाब २३० व्होल्ट. कोरड्या कातडीचा रोध कित्येक हजार ओहम. ओले झालो की शरीराचा रोध हजारापर्यंत उतरतो. त्या मुलानेच भागाकार केला: ०.२३ अँपिअर. साठ वॅटच्या दिव्यातून जवळजवळ एवढाच प्रवाह वाहतो. माणसाचे हृदय बंद पडायला याहून कमी पुरतो.

चकली हातात तशीच धरून तो आपल्या ओल्या पायांकडे पाहत राहिला.

ती माळ मी टाकून दिली. त्या संध्याकाळी अंगणात पणत्याच लागल्या. आणि सहामाहीच्या पेपरात आता मी व्याख्या विचारत नाही, विचारतो, "ओल्या हाताने बटण का लावू नये? हिशेबासह लिहा."