जर्मन तबकडीवरचा मराठी तबला

पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांमुळे नगर जिल्ह्याच्या कानाला जॅझ कधी परका राहिला नाही. रामचंद्र नरहर चितळकर १९१८ साली या जिल्ह्यात जन्मले आणि 'अलबेला' (१९५१), 'आशा' (१९५७) अशा चित्रपटांतून त्यांनी अमेरिकी स्विंग पार वरातीच्या बँडपर्यंत आणून पोहोचवला. मुंबईचे गोवेकर वादक त्यांच्या पाठीशी होते. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले ट्रंपेटवादक अँतोनियो झेवियर वाझ हे त्यांतले अग्रगण्य. तो जॅझ नाचाचा होता, पायाला ठेका धरायला लावणारा.

अशा सरावलेल्या कानाला जर्मन फ्री जॅझ पहिल्या भेटीत धक्काच देतो. सॅक्सोफोनवादक पेटर ब्रोट्झमानची 'मशिन गन' ही तबकडी घ्या. मे १९६८, ब्रेमेनचा एक क्लब. तीन सॅक्सोफोन, दोन बास, दोन ड्रमवादक आणि एक पियानो, आणि आठही जण जीव तोडून वाजवताहेत. गुणगुणावी अशी चाल हाती लागत नाही, आणि समेची वाट पाहावी तर ती येतच नाही. ही तबकडी ब्रोट्झमानने स्वतःच प्रसिद्ध केली. जर्मन फ्री जॅझची गोष्ट सांगताना बहुतेक जण इथून सुरुवात करतात. मला मात्र सात महिने मागे जावेसे वाटते, कारण तिथे एक मराठी नाव आहे आणि ते या गोष्टीत पुरेसे कोणी घेत नाही.

ऑक्टोबर १९६७मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या फिलिंगेन गावी 'जॅझ मीट्स इंडिया' ही तबकडी ध्वनिमुद्रित झाली. तिच्यावरच्या वादकांची यादी सावकाश वाचण्यासारखी आहे. पियानोवर स्वित्झर्लंडची इरेन श्वाइत्सर, बासवर उली ट्रेप्टे, ड्रमवर मानी नॉयमायर, ट्रंपेटवर मानफ्रेड शोफ, सॅक्सोफोनवर फ्रान्सचा बार्नी विलेन. दुसऱ्या बाजूला सतार आणि गायनासाठी दिवाण मोतिहार, तंबोऱ्यावर कुसुम ठाकूर आणि तबल्यावर केशव साठे. साठे मुंबईचे. एकूण तीन रचना, त्यांपैकी एकीचे नाव 'याद', आणि शोफने बांधलेल्या रचनेचे नाव 'ब्रिगाख अँड गँजिस'. ब्रिगाख ही फिलिंगेनची नदी. ती पुढे डोनाउएशिंगेनला ब्रेग नदीला मिळते आणि तिथून डॅन्यूब सुरू होते. आपल्या गावच्या लहानशा नदीला गंगेशेजारी बसवण्यात मला बढाईपेक्षा आपुलकी दिसते.

तबकडी काढणारी 'साबा' कंपनी मुळात रेडिओ आणि दूरचित्रवाणी संच बनवणारी. मालकांच्या घरातल्या हान्स गेओर्ग ब्रुनर-श्वेर यांना ध्वनिमुद्रणाचा विलक्षण नाद होता. त्यातून आधी 'साबा'चा आणि १९६८पासून त्यांच्याच 'एमपीएस' कंपनीचा जॅझ उभा राहिला. ही तबकडी ज्या मालिकेतली, ती 'जॅझ मीट्स द वर्ल्ड' मात्र योआखिम-एर्न्स्ट बेरेंट यांची. बेरेंट हे बाडेन-बाडेनच्या नभोवाणीवरचे जॅझ संपादक. त्यांचे वडील पाद्री होते, नाझींना विरोध केला म्हणून डाखाउच्या छळछावणीत गेले आणि १९४२ साली तिथेच वारले. जर्मन नभोवाणीवर जॅझला १९३५मध्येच बंदी घातली गेली होती. त्या पिढीच्या जर्मनांसाठी जॅझ ऐकणे ही करमणुकीपलीकडची गोष्ट होती, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा आवाज कळत नाही. फ्रँकफर्टचा ट्रोम्बोनवादक आल्बर्ट मांगेल्सडोर्फ भाऊ एमिलबरोबर चोरून भरणाऱ्या जॅझच्या बैठकांना जायचा. एमिलला तर गेस्टापोने पकडले.

१९६४मध्ये ग्योटे इन्स्टिट्यूटने मांगेल्सडोर्फच्या पाच जणांच्या संचाला आशियाच्या दौऱ्यावर पाठवले. परतल्यावर त्यांनी 'नाउ जॅझ रामवाँग' काढली. तिच्यात थायलंडची, जपानची सुरावट आहे, आणि पंडित रविशंकरांच्या एका स्वरसमूहावर बांधलेली रचनाही आहे. म्हणजे जर्मन जॅझमध्ये हिंदुस्थानी संगीत आधी असे वहीत टिपून गेले. हात लावून वाजवणारा माणूस तीन वर्षांनी आला.

केशव साठ्यांचा जन्म १९२८चा, मांगेल्सडोर्फचाही त्याच वर्षीचा. १९५०च्या दशकात साठे लंडनला गेले आणि 'एशियन म्युझिक सर्कल' या संस्थेच्या संपर्कात आले. तिथे कलकत्त्याचे जॉन मेयर आणि जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट यांनी जॅझचा एक संच आणि भारतीय वाद्यांचा एक संच समोरासमोर बसवून 'इंडो-जॅझ स्वीट' (१९६६) केली. मोतिहार आणि साठे त्यात होते, तंबोऱ्यावर चंद्रहास पैगणकर. हॅरियटने त्याआधी १९६०मध्येच 'फ्री फॉर्म' ध्वनिमुद्रित केली होती. म्हणून फिलिंगेनला पोहोचले तेव्हा साठे या मोकळ्या वादनाला नवखे नव्हते.

आता खरा पेच ऐका. फ्री जॅझने दोन गोष्टी सोडल्या: ठरलेली स्वरसंगतींची साखळी आणि नेमाने चालणारा ठेका. पहिली आपल्याकडे मुळातच नाही, त्यामुळे सतारीचे सूर आणि शोफचा ट्रंपेट यांना एकमेकांशेजारी राहणे जड जात नाही. तंबोरा खाली षड्ज धरून असतो आणि वर कोणी कितीही भटकले तरी घराचा पत्ता हरवत नाही. दुसरी गोष्ट मात्र आपल्या संगीताचा कणा आहे. तबलजीला आवर्तन मोडता येत नाही. समोर नॉयमायर ड्रमवर मात्रा विस्कटून टाकतोय, श्वाइत्सर पियानोवर मुठीएवढे स्वर फेकतेय, आणि साठ्यांना ठेका सांभाळायचा आहे. तबकडी ऐकताना मी याच जागांवर थांबतो. डग्ग्याची घुमार वाढते, बोल स्पष्ट पडत राहतात, आवाज चढवण्याची घाई कुठेच नाही. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मंडळी आळीपाळीने बोलतात, त्यांच्यातली शिवण उघड दिसते, आणि ती दिसते म्हणून मला ही तबकडी प्रामाणिक वाटते. यादीत साठ्यांचे नाव शेवटाकडे येते, कारण आपल्याकडे आणि तिकडेही साथीदार शेवटीच लिहायची रीत. माझ्या मते इथे सगळ्यात अवघड काम त्यांचेच होते.

त्यानंतर ही माणसे पांगली. ट्रेप्टे आणि नॉयमायर यांनी १९६८मध्ये 'गुरू गुरू' हा रॉक बँड काढला. शोफची 'युरोपियन एकोज' (१९६९) ही बर्लिनच्या 'एफएमपी' या वादकांच्या स्वतःच्या कंपनीची पहिली तबकडी ठरली, तिच्यात श्वाइत्सरही आहे आणि ब्रोट्झमानही. त्या कंपनीने पुढची काही दशके जर्मन फ्री जॅझ सांभाळला. साठे लंडनलाच राहिले, जॉन रेनबोर्नच्या लोकसंगीताच्या संचातही वाजवत राहिले आणि २०१२मध्ये गेले.

जर्मन तबकड्यांवरचे मराठी बोल तिथे थांबले नाहीत. बेळगावात जन्मलेल्या शोभा गुर्टूंचे चिरंजीव त्रिलोक मुंबईत तबला शिकले आणि हँबुर्गला स्थायिक झाले. 'उस्फ्रेत' (१९८८) ही त्यांची तबकडी जर्मनीच्या 'सीएमपी'ने काढली. तिच्यात डॉन चेरीचा ट्रंपेट आहे आणि शोभाताईंचा आवाज. पहिल्याच रचनेचे नाव 'शोभारॉक'. ठुमरीतला तो खर्जाकडे झुकणारा भरदार गळा ड्रम आणि बासच्या गर्दीत उतरतो आणि कोणाला जागा करून द्यायला सांगत नाही. फिलिंगेनमध्ये जी शिवण दिसत होती ती इथे शोधून सापडत नाही. एकाच घरातल्या आई आणि मुलाने हे काम केले, हे त्यामागचे मोठे कारण असावे.

नगरला बसून आज यातले बरेचसे फोनवर ऐकता येते. सुरुवात 'मशिन गन'ने करू नका. आधी 'उस्फ्रेत', मग मांगेल्सडोर्फ, मग 'जॅझ मीट्स इंडिया' दोनदा, दुसऱ्या वेळी फक्त डग्ग्याकडे कान देऊन. त्यानंतर 'युरोपियन एकोज' लावा. श्वाइत्सरचा पियानो तोवर ओळखीचा झालेला असेल, आणि त्या गोंगाटात आत शिरायला तेवढी एक वाट पुरते.