वाड्यातील दगड, झाड आणि पाणी

पेशवेकालीन पुण्यातील वाड्यात बांधकामाला किती जागा द्यायची आणि झाडांना किती, याचा निवाडा शोभेच्या कल्पनेपेक्षा पाण्याने अधिक केला. पाणी घरात कोठून येते आणि वापरून झाल्यावर कोठे जाते, यावर कोणते झाड कोठे लागायचे हे बव्हंशी ठरून जात असे.

वाड्याचा गाभा म्हणजे चौक, म्हणजे चारही बाजूंनी सोप्यांनी वेढलेली आणि वर आकाशाला उघडी असलेली जागा. पावसाळ्यात चारही उतरत्या छपरांचे पाणी याच चौकात कोसळत असल्यामुळे त्याची जमीन भोवतालच्या सोप्यांहून खाली ठेवून काळ्या दगडाच्या फरशीने बांधून काढली जाई आणि पाण्याला मोरीची वाट करून दिली जाई. अशा ठिकाणी मोठे झाड परवडणारे नव्हते, कारण त्याची मुळे जोत्यात शिरत, पाने कौलांवर साचून पन्हळी तुंबत आणि आधीच मोजका असलेला उजेड अडत असे. म्हणून पुढच्या चौकात दगडाचेच राज्य राहिले, तरी ते कोरडे वाटू नये याची सोय तुळशीवृंदावनाने केली. कंबरेएवढ्या किंवा त्याहून उंच चिरेबंदी ओट्यावर, पणतीसाठी कोनाडा ठेवून, माथ्यावर माती भरून लावलेले ते झुडूप उंचीमुळे पायदळी येत नसे आणि भिंतींच्या सावलीतून वर निघून त्याला ऊनही मिळे. झाड आणि बांधकाम यांची इतक्या थोड्या जागेत इतकी नेमकी सांगड घालणारी दुसरी रचना मराठी घरात क्वचितच सापडेल.

उरलेली हिरवाई मागे, परसात असे. देवपूजेला लागणारी जास्वंद, पारिजातक, अनंत आणि मांडवावर चढवलेली जाई किंवा जुई विहिरीच्या आसपास लावली जात. तर न्हाणीघराचे सांडपाणी मोरीतून जेथे बाहेर पडे तेथे केळ, अळू आणि कर्दळ ही भरपूर पाणी पिणारी झाडे असत. त्यांच्यासाठी वेगळे शिंपण करावे लागत नसे आणि घराजवळ चिखलही साचून राहत नसे, म्हणजे परसातील लागवड हा एका अर्थाने मोरीच्या बांधकामाचाच शेवटचा भाग होता.

विहिरीवरची ही भिस्त नानासाहेब पेशव्यांच्या काळात काहीशी कमी झाली. अठराव्या शतकाच्या मध्यावर कात्रजला तलाव बांधून तेथील पाणी जमिनीखालच्या बंदिस्त दगडी नळातून शहरात आणण्यात आले. नळात कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे मनोऱ्यासारखी उभी बांधकामे, उभारली गेली आणि पेठांतील हौदांत, म्हणजे बांधीव कुंडांत, ते पाणी पोचले. कात्रज शहरापेक्षा उंचावर असल्यामुळे हे सारे नुसत्या उताराच्या जोरावर चाले. जोराचे पाणी मिळाले की त्याचे खेळ करण्याची हौसही येते. शनिवारवाड्यातील कमळाच्या आकाराचे हजारी कारंजे हे त्या हौसेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण होय. येथेही पाण्याची शोभा दगडात बसवलेली आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. विस्तीर्ण झाडीची आवड असलेल्या श्रीमंतांनी ती घरात न आणता गावाबाहेर स्वतंत्र बागा करून भागवली. पर्वतीच्या पायथ्याची हिराबाग ही त्यांपैकीच एक.

१७३२ साली वास्तुशांत झालेला शनिवारवाडा १८२८ च्या आगीत जळाला, लाकूडकाम नष्ट झाले आणि जोती व तटबंदी तेवढी उरली. आज त्या जोत्यांच्या मधून हिरवळ राखलेली दिसते. ती डोळ्यांना सुखावते खरी, पण तीवरून मूळ वाड्याची कल्पना करू जाणाऱ्याची पुरती फसगत होते, कारण ती उत्तरकाळातील उद्यानरचना आहे.

१८१८ नंतर लष्कर भागात इंग्रजांचे बंगले उभे राहिले आणि हे प्रमाण उलटले. वाड्यात घर कडेला आणि मोकळी जागा मध्ये होती. बंगल्यात घर मध्ये आले आणि मोकळी जागा त्याच्या चारही अंगांना गेली. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने आखीव वसाहतींना चालना दिली, डेक्कन जिमखान्याच्या परिसरात मराठी मध्यमवर्गाने बंगले बांधले आणि भिंतीपासून ठरावीक अंतर सोडण्याची सक्ती बागेची जागा आपोआप आखून देऊ लागली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खडकवासल्याचे धरण झाल्यावर नळाचे पाणी मिळू लागले होते. पुढे सांडपाणीही बंद गटारात गेले. त्यामुळे मोरीच्या तोंडाशी झाड लावण्याचे कारणच संपले. वृंदावन बंगल्याच्या पुढच्या किंवा मागच्या अंगणात टिकले, पण परसात सांडपाण्यावर वाढणारी कर्दळ आता रंगीत फुलांच्या निवडक जातींच्या रूपाने फाटकाजवळच्या विटा लावलेल्या वाफ्यात आली आणि तिला झारीने पाणी घालावे लागू लागले.