नव्हेरचे तळघर

फ्रेंच चित्रपटातले प्रेम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पॅरिस येते, सीन नदीवरचे पूल येतात आणि पावसात भिजलेले दिवे येतात. 'हिरोशिमा मॉन आमूर' या १९५९ सालच्या कृष्णधवल चित्रपटातले प्रेम त्या जातीचे नव्हे. नावाचा अर्थ 'हिरोशिमा, माझ्या प्रिया'. दिग्दर्शक अलँ रेने, लेखिका मार्गरित द्युरास. गोष्ट म्हटली तर चार ओळींची आहे. शांततेचा संदेश देणाऱ्या एका चित्रपटात काम करण्यासाठी एक फ्रेंच नटी हिरोशिमाला येते. तिथल्या एका जपानी वास्तुविशारदाशी तिची गाठ पडते. दोघेही विवाहित, दोघांचेही संसार सुखाचे. दुसऱ्या दिवशी तिला परत जायचे आहे. एवढ्या वेळात ती त्याला एक गोष्ट सांगते, जी तिने स्वतःच्या नवऱ्यालाही कधी सांगितलेली नाही.

या चित्रपटाबद्दल लिहिताना समीक्षक बहुधा त्याच्या मांडणीविषयी लिहितात. वर्तमानात बोलता बोलता भूतकाळ कसा न सांगता घुसतो, संकलन कसे आहे, संगीत कसे आहे, वगैरे. ते सारे खरेच. पण मला हा चित्रपट इतिहासाचे एक पान म्हणून अधिक महत्त्वाचा वाटतो. फ्रान्सने जे पान मिटून ठेवले होते ते या प्रेमकथेने उघडले.

नटीची गोष्ट अशी. ल्वार नदीकाठच्या नव्हेर या गावात, जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये, ऐन तारुण्यात ती एका जर्मन सैनिकाच्या प्रेमात पडते. दोघे लग्न करून बव्हेरियाला जाणार असतात. गाव मुक्त होण्याच्या वेळी कुणीतरी त्याला गोळी घालते. ती रात्रभर त्याच्या देहाला बिलगून पडून राहते. नंतर गावकरी तिचे केस भादरतात. वडिलांचे औषधाचे दुकान बेअब्रूमुळे बंद होते आणि घरचेच तिला तळघरात कोंडतात. केस बऱ्यापैकी वाढल्यावर आई तिला पैसे देते आणि ती रात्री सायकलवरून पॅरिसची वाट धरते. ती पॅरिसला पोहोचते तेव्हा वर्तमानपत्रांत एक नवे नाव छापून आलेले असते: हिरोशिमा.

ही मुलगी काल्पनिक आहे, पण तिचे भादरलेले डोके काल्पनिक नाही. १९४३ ते १९४६ या काळात फ्रान्समध्ये सुमारे २० हजार स्त्रियांचे मुंडण झाले, असा अंदाज इतिहासकार फाब्रिस व्हिर्जिली यांनी मांडला. त्यांचा ग्रंथ २००० साली आला, म्हणजे घटनेनंतर अर्धशतक उलटल्यावर. बहुतेक मुंडणे १९४४ च्या उन्हाळ्यातली, गावे एकेक करून मुक्त होत असतानाची. कोर्ट नाही, कायदा नाही. चौकात खुर्ची मांडायची, न्हाव्याला बोलवायचे आणि नंतर त्या बाईची धिंड काढायची. ज्यांचे मुंडण झाले त्यांतल्या जवळपास निम्म्या स्त्रियांवर जर्मन माणसाशी संबंध ठेवल्याचा आरोपसुद्धा नव्हता. कुणी चुगली केली म्हणून, कुणी जर्मनांकडे नोकरी केली म्हणून, कुणी नुसती बोलली म्हणून. ऑगस्ट १९४४ मध्ये शार्त्र शहरात रॉबर्ट कापाने काढलेले छायाचित्र जगभर माहीत आहे. मुंडण केलेली एक तरुणी तान्हे मूल छातीशी धरून चालली आहे आणि सभोवती हसणारी गर्दी. त्या गर्दीत बायकाही आहेत.

याच वर्षी, २१ एप्रिल १९४४ रोजी, फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क देणारा हुकूम निघाला होता. त्यांनी पहिले मत दिले २९ एप्रिल १९४५ रोजी. एका हाताने नागरिकत्व दिले जात होते आणि दुसऱ्या हातात वस्तरा होता. देश चार वर्षे शत्रूच्या टाचेखाली राहिला याची लाज होतीच. ती कुणाच्या तरी डोक्यावरून उतरवायची होती.

ही केवळ फ्रेंचांची रीत होती असेही नाही. पोलिश मजुरांशी संबंध ठेवणाऱ्या जर्मन स्त्रियांचे केस नाझींनी भर रस्त्यात कापले होते. स्पेनच्या यादवीत फ्रँकोच्या लोकांनी विरोधी पक्षाच्या स्त्रियांचे मुंडण केले. विजेता कोणत्या रंगाचा आहे याने फरक पडत नाही. केशवपनाचा इतिहास ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला तर हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्याकडे तो धर्म म्हणून झाला, तिकडे देशभक्ती म्हणून. स्त्रीने कुणाचे असावे आणि कुणाचे असू नये हे तिच्या डोक्यावर लिहायचे, ही कल्पना मात्र दोन्हीकडे एकच.

आता प्रश्न येतो तो औचित्याचा. हिरोशिमावर ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला बाँब पडला आणि त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसे मेली. त्यांच्या शेजारी एका मुलीचे केस आणि एका शत्रुसैनिकाचा मृत्यू नेऊन ठेवायचा? हा आक्षेप रास्त आहे, आणि तो आधी चित्रपटच घेतो. सुरुवातीला ती सांगत राहते की मी इस्पितळ पाहिले, संग्रहालय पाहिले. तो दर वेळी शांतपणे म्हणतो की तू काहीही पाहिलेले नाहीस. स्वतः तो सैन्यात होता म्हणून वाचला, त्याचे कुटुंब हिरोशिमात होते. म्हणजे पाहिलेले त्यानेही नाही.

पण याच भागात संग्रहालयातल्या वस्तूंमध्ये केस आहेत. किरणोत्सर्गाने हिरोशिमातल्या बायकांचे केस गळून पडले, सकाळी उठल्यावर पुंजकेच्या पुंजके हाती आले. पुढे तासाभराने नव्हेरच्या मुलीचे केस कापले जातात तेव्हा मला दर वेळी ते पहिले केस आठवतात. द्युरास दोन दुःखे तराजूत घालत नाही. कितीही मोठा आकडा आपल्याला नुसता ऐकू येतो. कळते ते एका माणसाचे. त्या आकड्याकडे जायला तिने हा एवढासा रस्ता काढला आहे.

हे लिहिणारी द्युरास कोण होती हेही पाहायला हवे. ती प्रतिकार चळवळीतली. तिचा नवरा रॉबेर आंतेल्म याला जून १९४४ मध्ये अटक झाली आणि १९४५ मध्ये डाखावच्या छळछावणीतून तो मरणाच्या दारातून परत आला. जर्मन गणवेशाचा द्वेष करण्याचा हक्क जर कुणाला असेल तर तो तिला होता. त्या बाईने त्या गणवेशातल्या एका मुलावर प्रेम करणारी मुलगी लिहिली, आणि कुठेही तिची वकिली केली नाही की तिला माफी मागायला लावले नाही.

रेनेकडे आधी मागणी आली होती ती माहितीपटाची. १९५६ मध्ये त्याचा नाझी छळछावण्यांवरचा माहितीपट गाजला होता. आता अणुबाँबवर तसाच करा, असे निर्मात्यांचे म्हणणे. तेच पुन्हा करण्यात अर्थ नाही असे ठरवून तो द्युरासकडे गेला. पुरुष पात्रासाठी एजी ओकादाची निवड झाली. त्याला फ्रेंच येत नव्हते. संवाद त्याने उच्चार पाठ करून म्हटले. १९५३ साली 'हिरोशिमा' नावाच्या जपानी चित्रपटातही त्याने काम केले होते, आणि त्या चित्रपटातली काही दृश्ये रेनेने सुरुवातीच्या भागात वापरली आहेत. नटीची भूमिका इमान्युएल रिव्हाची. १९५९ च्या कान महोत्सवात अमेरिकेला राग येईल म्हणून चित्रपट स्पर्धेबाहेर ठेवला गेला, तरी समीक्षकांचे आंतरराष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालेच.

जर्मन सैनिकांपासून झालेली फ्रेंच मुले पुढे 'शत्रूची पोरे' म्हणून वाढली. त्यांना वडिलांच्या देशाचे नागरिकत्व मागण्याची वाट जर्मनीने २००९ मध्ये मोकळी केली. तोवर ती साठी ओलांडून गेली होती आणि अनेकांच्या आया, आपली गोष्ट कुणालाही न सांगता, निघून गेल्या होत्या.

चित्रपटातली नटी तरी ती सांगते. सांगितल्यावर तिला हलके वाटत नाही, उलट आपण त्या मेलेल्या मुलाशी बेइमानी केली असे वाटते. चौदा वर्षे जपलेली गोष्ट आता गोष्टच होऊन गेली. याला मी या चित्रपटातली सर्वांत खरी जागा मानतो. शेवटी ती त्याला हिरोशिमा म्हणते आणि तो तिला नव्हेर. स्वतःची नावे दोघांनाही नाहीत.

चित्रपट मिळवून जरूर पाहा. तळघराच्या प्रसंगात रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांची एक गोटी खिडकीतून आत येते. ती हातात घेते तेव्हा गोटी ऊबदार असते. कित्येक महिन्यांनी त्या मुलीला बाहेरचे काहीतरी स्पर्शून गेलेले असते. तेवढे दृश्य चुकवू नका.