डेक्कन जिमखाना (क्रीडासंस्था)

डेक्कन जिमखाना ही पुणे येथील क्रीडासंस्था असून तिची स्थापना १९०६ साली बाळकृष्ण नारायण ऊर्फ बंडोपंत भाजेकर यांच्या पुढाकाराने झाली. लकडी पुलापलीकडे, मुठा नदीच्या पश्चिम तीरावर असलेल्या या संस्थेवरूनच भोवतालच्या वसाहतीस हे नाव मिळाले. वसाहत सर्वांच्या परिचयाची आहे; संस्थेचे कार्य तितकेसे नाही.

देशी खेळ

विदेशी खेळांबरोबरच एतद्देशीय खेळांनाही संस्थेने स्थान दिले. खो-खो त्या काळी गावोगाव निरनिराळ्या रीतीने खेळला जाई. १९१४ मध्ये संस्थेच्या समितीने त्याचे प्रारंभिक नियम तयार केले. पुढे बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्यानेही या कामी भर घातली.

अँटवर्प ऑलिंपिक

संस्थेचे अध्यक्ष दोराबजी टाटा यांना येथील शर्यतींत अनवाणी धावणारे शेतकरी तरुण दिसले. शर्यतीच्या आधुनिक नियमांचा त्यांना परिचय नव्हता, तरी त्यांच्या वेळा युरोपीय धावपटूंच्या जवळपास जात. या तरुणांना ऑलिंपिकला पाठवावे, असे टाटा यांनी ठरविले आणि त्यासाठी पदरचे पैसेही घातले. देशात त्या वेळी ऑलिंपिक संघटनाच नव्हती. एका शहरातील क्रीडासंस्थेच्या पुढाकारातून राष्ट्राचा संघ उभा राहिला, ही गोष्ट विशेष म्हटली पाहिजे.

१९२० च्या अँटवर्प स्पर्धेस चार धावपटू व दोन मल्ल गेले: फडेप्पा दारेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, पूर्मा बॅनर्जी, कुमार नवले व रणधीर शिंदे. सोहराब भूत व डॉ. फैजी हे व्यवस्थापक होते. बेळगावचे चौगुले मॅरेथॉनमध्ये २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत धावून एकोणिसावे आले. ही शर्यत ४२.७५ किलोमीटरची, म्हणजे आजच्या अंतराहून अर्ध्या किलोमीटरने अधिक होती. फ्री स्टाइल कुस्तीच्या फेदरवेट गटात शिंदे यांना चौथे स्थान मिळाले. कांस्यपदकाची लढत त्यांनी ब्रिटनच्या फिलिप बर्नार्ड याच्याविरुद्ध गमावली. ते पदक हाती आले असते, तर खाशाबा जाधव यांच्या हेलसिंकीतील पदकाच्या ३२ वर्षे आधीच भारतीय मल्लाच्या नावे ऑलिंपिक पदक लागले असते. क्रीडाविषयक लेखनात शिंदे यांचा उल्लेख अभावानेच आढळतो.

१९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली व टाटा तिचे पहिले अध्यक्ष झाले.