वकील केशवराव कोरटकर

1908 साली अ‍ॅस्क्विथ हे बॅरिस्टर उदारमतवादी पक्षातर्फे इंग्लंडचे पंतप्रधान झाले. आपल्या निजामी मुलखात वकिलाने निवडून जायचे म्हटले, तर लोकनियुक्त विधिमंडळच नव्हते! मग लोकांचे काम करावे कसे?

नांदेडशेजारच्या वसमत तालुक्यातील पुरजळच्या केशवराव कोरटकरांनी (जन्म 1867) वाट काढली. हैदराबादेत वकिली केली, पुढे हायकोर्टाचे न्यायमूर्तीही झाले. पण कोर्टकचेरीची भाषा उर्दू. मराठी पोराला विचारतो कोण? 1907 साली वामनराव नाईक आदी सहकाऱ्यांसह त्यांनी विवेकवर्धिनी शाळा काढली. राजकारणाची दारे बंद, म्हणून शाळेचे दार उघडले.

केशवराव 1932 साली वारले. 1948ची मुक्ती त्यांनी पाहिली नाही. पण तिच्यासाठी लिहितीवाचती माणसे अशाच शाळांनी घडवली. गुरुजी, फळ्यापुढे उभे राहताना एवढे ध्यानी असू द्या.